सावलीतलं अळू

“इथं ऊन कुठं पडतं गं, हेमा?” परसात उभ्या राहून आईंनी विचारलं. पदर खोचलेला, हात कमरेवर, मान वर.

सामानाचा टेम्पो अजून दारातच होता आणि मी पातेल्यांचं पोतं ओढत होते. “पडत असेल हो कुठंतरी,” मी म्हणाले. खरं म्हणजे कुठंच पडत नव्हतं. घर घेताना आमच्या ह्यांनी नळ बघितले, फरशी बघितली, मोरीच्या दाराची कडी लागते का तेसुद्धा बघितलं. परसाच्या अंगाला शेजाऱ्यांचा तिमजली बंगला खेटून उभा आहे आणि उरलेलं आभाळ पलीकडच्या जांभळीनं अडवलंय, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. साताऱ्यात स्वतःचं घर झालं, त्या आनंदात सगळे. परसात भर दुपारी दिवा लावावा इतकी सावली!

आईंनी भिंतीच्या कडेनं एक फेरी मारली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरून बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हेमा, इथं ऊन कुठं पडतं गं?”

मी पुन्हा तेच उत्तर दिलं, तेवढ्याच सहज आवाजात. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एकदा विचारलं, तेव्हाही दिलं. हे टेम्पोतून खाट उतरवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. कोरेगावच्या भाड्याच्या घरात त्यांचं परस अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. वांगी, दोडकी, घेवडा, काय म्हणाल ते. बाजारातनं भाजी आणणारीला आई बावळट समजायच्या. आणि मी? लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मला शिवणाचा डिप्लोमा करायची हुक्की आली, तेव्हा सगळ्या भावकीनं नाकं मुरडली. आईंनी कोर्स संपेपर्यंत मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. “तू मशीन चालव, मी स्वयंपाकघर चालवते,” म्हणाल्या. त्यांच्या जिवावर मी कन्याशाळेत शिवणाची बाई झाले. त्या बाईसाठी मी काय केलं नसतं?

गेल्या वर्षभरात आई विसरायला लागल्या होत्या. गॅसवर दूध ठेवायच्या आणि देवळात जायच्या. एकदा पडद्याला धग लागली, नशीब मी घरी होते. ते पुण्याला कळलं. पुण्याला म्हणजे जयवंतभाऊजींना, माझ्या थोरल्या दिरांना. माणूस वाईट नाही, पण बँकेत साहेब, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, “गणपती झाले की मी येतो. आई नीट आहे असं माझ्या डोळ्यांना दिसलं तर ठीक. नाहीतर इकडे एक संस्था बघून ठेवलीय. चांगली आहे. दिवसरात्र बाया असतात.”

“दिवसरात्र बाया असतात तर तुम्हीच जाऊन राहा की,” मी म्हणाले. माझी जीभ मुळातच तिखट, माहेरी मला कातरी म्हणायचे. ह्यांनी माझ्या हातातनं फोन काढून घेतला.

पण मी घाबरले होते. गणपतीपर्यंत काहीतरी करून आईंना उभं करायचं होतं, आणि आई उभ्या राहतात त्या मातीतच. म्हणून मी म्हटलं, आई, परसात भाजी लावू या.

लावली. मेथी उगवली ती दोऱ्यासारखी लांब आणि पिवळी, दोन दिवसांत आडवी झाली. वांग्याला नुसतीच पानं. आई रोज सकाळी खुरपं घेऊन बसायच्या आणि काल पेरलेल्या वाफ्यात आज पुन्हा पेरायच्या. मी शाळेतनं आले की हळूच माती सारखी करायची. एकदा तर मी मंडईतनं मेथीची जुडी आणली, मुळं कापली आणि “आई, बघा, आपली मेथी!” म्हणून पुढ्यात ठेवली.

आईंनी एक काडी उचलून वास घेतला. “आपली मेथी एवढी शहाणी नाही,” म्हणाल्या आणि निवडायला बसल्या. मला हसावं की रडावं कळेना.

स्वयंपाकाचंही तसंच चाललेलं. त्या आमटी करायच्या, मी मागनं चाखायची. मीठ नसलं तर घालायची, दोनदा पडलं असलं तर बटाटा सोडायची. आईंना पत्ता लागू द्यायची नाही. ताटावर बसल्या की त्या स्वतःच म्हणायच्या, “बाकी काही म्हण, हाताची चव गेली नाही अजून.” “छे हो, जाईल कशी,” मी म्हणायची. आमचे हे मान खाली घालून जेवायचे.

मग एके दिवशी, मी कपडे वाळत घालत असताना, आई परसातनं ओरडल्या, “अगं हेमा, आपण दोघी मूर्ख आहोत! सावलीत काय येतं?”

“काय येतं?”

“अळू! मोरीचं पाणी इकडंच येतंय. ऊन कशाला हवंय त्याला? रमाला स्कूटर काढायला सांग. कोरेगावच्या परसात माझं अळू आहे, चार कांदे उपटून आण म्हणावं.”

किती दिवसांनी तो आवाज ऐकला मी! रमा म्हणजे आमचे हे. निघाले ते शर्टाची बटणं लावत लावतच. आईंनी मोरीच्या पाण्याला पाट काढला, भिंतीलगत कांदे पुरले, आणि ते त्यांना पुन्हा पुरावे लागले नाहीत. आषाढात अळू असं माजलं की सुपाएवढी पानं. जांभळीनं ऊन अडवलं तर अडवलं. आई शेजारणींना हाका मारून पानं देऊ लागल्या. आता भाऊजी येऊ देत, मी मनात म्हटलं. बघू देत डोळे भरून.

ते आले ते अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी. मी सकाळपासून ताणात. बेत ठरलेला होता, आईंच्या हातची अळूची पातळ भाजी, त्यांच्या परसातली. ती भाजी भाऊजींच्या आवडीची, आणि आई ती झोपेतसुद्धा करतील. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे मी भिजवून ठेवले. चिंच कोळून वाटीत ओट्यावर ठेवली, अगदी शेगडीपाशी, नजरेसमोर. कारण अळू म्हटलं की चिंच हवीच, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. आमच्याकडची शेंबडी पोरसुद्धा चिंचेशिवाय अळू करणार नाही.

भाऊजी आले आणि पाय धुऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. तपासणीच! आई हाताला तेल चोळून अळूचे देठ सोलत होत्या.

“आई, आज वार कुठला?” त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

माझ्या हातातली कढई तिथंच थांबली.

“तू आलायस म्हणजे रविवार,” आई मान वर न करता म्हणाल्या. “बँक उघडी असती तर आला असतास होय?”

मी फस्सकन हसले. भाऊजीही हसले, पण लगेच उठले. “हेमा, जरा परस दाखव तुमचं.”

“पोळ्या व्हायच्यात अजून.”

“आई करेल. ये.”

जाताना मी मागं वळून बघितलं. आई देठ चिरत होत्या, वाटी जागेवर होती. परसात गार, ओल्या मातीचा वास. भाऊजींनी अळवाकडे बघितलंही नाही.

“खरं सांग. आई नीट आहे का?”

“बघताय की तुम्ही.”

“मी तुला विचारतोय. परवा कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तिला हाताला धरून घरी आणून सोडलं. रमा बोलला मला. स्वतःचं घर विचारत होती ती.”

आमच्या ह्यांना म्हणजे पोटात काही राहतच नाही! “नवीन गल्ली आहे. मीसुद्धा चुकते,” मी म्हणाले.

“तू शाळेत, रमा ऑफिसात. ती एकटी. कुठं निघून गेली, पडली, पुन्हा गॅस राहिला, म्हणजे? मला झोप लागत नाही गं. हिंडूनफिरून एकच दिसतं डोळ्यांसमोर.” त्यांनी परसाचं दार लोटून घेतलं. “माझ्यावर राग काढ, चालेल. पण मला एक गोष्ट दाखव, जी ती अजून एकटीनं नीट करते.”

“जेवायला चला,” मी म्हणाले. “मग बोला.”

आत आलो तर पानं वाढलेली. आईंनी माझंही पान मांडलं होतं. “आज तूही बस त्यांच्याबरोबर. मी वाढते. चल, गुमान बस.” एरवी आम्ही दोघी मागनं जेवायचो. मी बसता बसता ओट्याकडे बघितलं.

चिंचेची वाटी काठोकाठ भरलेली. कुणी बोटही बुडवलेलं नव्हतं.

“आई, भाजीला जरा उकळी देते हं,” म्हणत मी उठले.

“झालीय उकळी. बस खाली. माझ्या भाजीला आता तू उकळी देणार?” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि भाऊजींच्या वाटीत पळी रिती केली. वर शेंगदाणे तरंगत होते, रंग सुरेख. मला ओरडावंसं वाटलं, खाऊ नका! पण ओरडले असते तर संपलंच. त्यांनी मागितलेली ती एक गोष्ट मी माझ्याच तोंडानं खोटी पाडली असती.

भाऊजींनी पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तोंडात घातला.

चावता चावता ते थांबले. वाटीकडे बघितलं. मग आईंकडे. आई पळी हातात धरून उभ्या होत्या, चेहरा लहान मुलीसारखा. “कशी झालीय?”

“छान,” भाऊजी म्हणाले.

शेजारी ह्यांना ठसका लागला. मी त्यांना गुडघ्यानं ढोसलं. मग स्वतः घास घेतला. देवा! घशात काटेरी बोंडं अडकल्यासारखं झालं. गिळला. पाणी प्याले, दुसरा घेतला. तिघंही जेवत होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, घशाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि पुढे केली.

“आणखी वाढ.”

मला काही कळेना. हा माणूस चूक पकडायला आलेला, चूक आयती ताटात पडलेली, आणि हा दुसरी वाटी मागतोय? जिंकलो की काय आपण? मी पुन्हा पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“पोट भरून खा रे बाबा,” आई म्हणाल्या, आणि ती वाटीही संपलेली बघून भरल्या समाधानानं आपलं पान घेऊन आमच्यासमोर बसल्या. मी “आई, तुम्हाला आधी भात...” म्हणेपर्यंत त्यांनी घास घेतलाही.

त्या थांबल्या. जीभ टाळ्याला लावून बघितली. “अगं बाई,” म्हणाल्या. “चिंच.”

मग त्यांनी मान वर केली. आधी माझ्या वाटीकडे बघितलं, मग ह्यांच्या, मग भाऊजींच्या. रिकाम्या, पुसलेल्या वाट्या. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं.

“तिघं तिघं घसा खाजवत बसलाय. आणि कुणी बोललं नाही?”

ह्यांनी आपली वाटी हळूच ताटामागं सरकवली.

“जयवंता, मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताट सारणारा तू. तू मागून घेतलंस?” त्यांचा आवाज बारीक झाला. “एवढं झालंय होय माझं?”

“आई, अहो एखादे वेळी विसरतं माणूस...” मी सुरुवात केली.

“गप! तू बोल आता. खरं बोल. कधीपासून मागनं मीठ घालतेस?”

मला खोटं सुचेना. “बरेच महिने झाले,” मी म्हणाले.

आईंनी आपली वाटी बाजूला सारली. “मला वाटायचं, नावं विसरते, वाट विसरते, असू दे. पण रोज जेवायला बसलं की भाजी जागच्या जागी. म्हणजे आहे मी अजून, असं वाटायचं. आणि ती भाजी तुझी होती.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “मला फसवलंत रे सगळ्यांनी. चांगुलपणानं फसवलंत.”

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात भाऊजी बोलले. अळवानं घसा धरलेला.

“मी न्यायला आलोय तुला, आई. पहिल्या घासालाच ठरलं माझं. म्हणून खाल्लं. तिकडे तुला शेगडीला हात लावू देणार नाहीत. म्हटलं, तुझ्या हातचं हे शेवटचं.”

म्हणजे हा माणूस निरोपाचं जेवत होता! आणि मी वेडी जिंकले म्हणून बसलेली. आमचे हे लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

आई उठल्या. डब्यातली चिंच काढली, तीत गूळ कालवला, आणि आमच्या तिघांच्या तळहातावर एकेक गोळी ठेवली. “चाटा. घसा उतरेल.” हा उपाय नाही विसरल्या. मग खाली बसून भाऊजींना म्हणाल्या, “तुझ्या संस्थेत मी चुकले तर मला कोण सांगणार?”

“चोवीस तास बाया असतात, आई.”

“पगारी बाया. ‘हो आजी, हो आजी’ म्हणतील. मी ऊन कुठं म्हटलं की ‘तिकडं आहे आजी’ म्हणतील. मला तसं मरायचं नाही. मी कुठं पोचलेय ते मला कळलं पाहिजे. जोवर कळतंय तोवर तरी.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हिला देवानं एवढी जीभ दिलीय. अख्ख्या साताऱ्याला सुनावते आणि माझ्यापुढं साखर! हेमा, मी तुझ्याकडे राहीन. पण मी चुकले की त्या घडीला सांगायचं. तोंडावर. ओरडून सांग, हसून सांग, पण झाकायचं नाही. एकटी असताना मी गॅसला हात लावणार नाही, हा माझा शब्द. तुझा शब्द दे.”

“आई, नाही व्हायचं माझ्याच्यानं.”

“मग भरते पिशवी. जयवंता, गाडी काढ.”

त्या खरंच उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरला आणि शब्द दिला. भाऊजींनी हातातली चिंचेची गोळी तोंडात टाकली. शेवटी म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघू.” दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत म्हणाले. पुढे म्हणायचेच बंद झाले. दुपारी घरी थांबायला एक बाई मात्र त्यांनीच शोधून दिली, आणि महिन्यातनं एक रविवार स्वतः येत राहिले.

शब्द देणं सोपं होतं, पाळताना माझी सालटी निघाली. “आई, हे तुम्ही आत्ताच विचारलंत.” “आई, ही साडी उलटी नेसलीय.” “आई, मामंजी जाऊन वीस वर्षं झाली, ते यायचे नाहीत.” शेजारणी म्हणायच्या, काय कजाग सून आहे, म्हातारीला जरा म्हणून दम खाऊ देत नाही. म्हणू देत. कधी आई चिडायच्या, कधी कपाळावर हात मारून हसायच्या. “अगं बाई, गेली का ही पण?” म्हणायच्या. पुष्कळदा नुसत्याच गप्प बसायच्या. मग मीही शेजारी बसायची. निदान त्या एकट्या नसायच्या त्या गप्प बसण्यात.

एका रविवारी भाऊजी आलेले होते. मी आईंचे केस विंचरत होते. त्या मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. खूप वेळ बघितलं, ओळखीचं माणूस गर्दीत शोधावं तसं.

“तुम्ही कोण बाई?” त्यांनी विचारलं. माझ्याशी ‘तुम्ही’!

भाऊजी घाईघाईनं माझ्या कानाशी वाकले. “काहीतरी सांग. बाई आहे म्हण, मदतीला येणारी. कशाला तिला त्रास?”

एक क्षण मलाही तसंच वाटलं. मग मी आईंच्या पुढ्यात येऊन बसले.

“आई, मी हेमा. तुमची सून. तुम्ही मला विसरलात.”

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी. “विसरले होय?” म्हणाल्या. “तुम्हाला वाईट वाटलं असेल.”

“हो आई. फार वाईट वाटलं.”

“मग रडा की,” आई म्हणाल्या, आणि माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं.